घरगुती मेणबत्ती-निर्मिती : सामग्रीचा खर्च आणि त्याचा हिशेब

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• मेणबत्तीसाठी लागणाऱ्या सामग्रीची आणि त्या सामग्रीच्या गुणधर्मांची माहिती सांगता येईल.
• प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष खर्च यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• एका मेणबत्तीचा उत्पादनखर्च स्वतः काढता येईल.
• स्वतःचे श्रम, खेळते भांडवल आणि सुरक्षितता यांचे हिशेबातील स्थान समजावून देता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अल्प भांडवलात घरी सुरू करता येणाऱ्या उद्योगांची यादी करायला घेतली, की पापड, मसाले, अगरबत्ती यांच्या बरोबरीने मेणबत्तीचे नाव हटकून पुढे येते. तंत्र साधे आहे, जागा थोडी लागते आणि काही तासांच्या शिक्षणाने काम हाती बसते. पुण्यासारख्या शहरात गिऱ्हाईकही आहे. दिवाळीत शोभेच्या मेणबत्त्या, डिसेंबरमध्ये नाताळासाठी मेणबत्त्या, तर वर्षभर भेटवस्तू म्हणून सुगंधी मेणबत्त्या विकल्या जातात. गुरुवार पेठेतील पंचहौद चर्चपासून लष्कर भागातील चर्चपर्यंत प्रार्थनेसाठीही मेणबत्त्या लागतात.

असे असूनही हौसेने सुरू केलेले असे पुष्कळ उद्योग वर्ष-दोन वर्षांत थांबतात. त्याचे कारण नेहमी मालाच्या दर्जात किंवा मागणीत नसते. पुष्कळदा ते हिशेबात असते. ‘एक किलो मेणाला इतके रुपये पडतात, त्यात दहा मेणबत्त्या होतात, म्हणजे एक मेणबत्ती इतक्याला पडली’ हा तोंडी हिशेब सोपा आहे, पण अपुरा आहे. मेणाचा भाव हा मेणबत्तीचा खर्च नव्हे. विक्रीस योग्य अशी एक मेणबत्ती गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तिच्यावर जे जे खर्ची पडते, ते सगळे मिळून तिचा खर्च होतो. या घटकात आपण हे विधान सामग्रीपासून विक्रीपर्यंत टप्प्याटप्प्याने तपासून पाहणार आहोत.

२. विषय-विवेचन

२.१ मेण

‘मेण’ हा शब्द मराठीत मूळचा मधमाश्यांच्या पोळ्यातील मेणासाठी रूढ होता. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, मंद व स्वच्छ जळते. मात्र ते महाग असते, कारण पोळ्यातून मधाच्या मानाने मेण फारच थोडे मिळते. मधमाशीपालन आणि त्यातून मिळणारे पदार्थ यांविषयी शास्त्रशुद्ध माहिती देणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

आज बाजारात ‘मेण’ म्हणून जे मिळते ते बहुतांशी पॅराफिन मेण असते. खनिज तेलापासून वंगणतेल तयार करताना त्यातील मेण वेगळे काढले जाते आणि ते शुद्ध करून पांढऱ्या लाद्यांच्या रूपात विकले जाते. भारतात आसाममधील दिग्बोई व नुमालीगड आणि तमिळनाडूतील चेन्नई येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांतून असे मेण मिळते. काही मेण परदेशांतूनही येते. कसबा पेठेत दोन खोल्यांत चालणाऱ्या उद्योगाचा कच्चा माल अशा रीतीने खनिज तेलाच्या बाजाराशी जोडलेला असतो. तेलाचे भाव किंवा रुपयाचा विनिमयदर बदलला, की मेणाचा भावही हलतो. म्हणून गेल्या दिवाळीचा भाव धरून या दिवाळीची विक्री-किंमत ठरवणे धोक्याचे ठरते.

पॅराफिन मेण विकत घेताना केवळ भाव विचारू नये. वितळणांक आणि तेलाचे प्रमाण विचारावे. ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे, पूर्ण शुद्ध केलेले मेण उभ्या मेणबत्त्यांसाठी सोयीचे असते. कमी शुद्ध मेणात तेलाचा अंश अधिक राहतो. ते स्वस्त पडते, परंतु त्याची मेणबत्ती मऊ राहते, तिच्यावर तेलकट ओल सुटते आणि एप्रिल-मेच्या पुणेरी उन्हाळ्यात ती वाकते. परत आलेला माल हा स्वस्त मेणाचा दडलेला खर्च होय.

सोयाबीन तेलापासून केलेले मेणही आता वापरले जाते. ते मऊ असल्यामुळे मुख्यतः काचेच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ओतलेल्या मेणबत्त्यांना योग्य ठरते.

२.२ पूरक सामग्री

स्टिअरिक आम्ल : हा पांढऱ्या चकत्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळणारा मेदाम्ल-पदार्थ होय. पॅराफिन मेणात साधारणपणे ५ ते १० टक्के मिसळल्यास मेणबत्ती कडक होते, अधिक पांढरी दिसते आणि साच्यातून सहज सुटते.

वात : विणलेल्या कापसाच्या दोऱ्याची वात रिळावर मिळते, मेणात बुडवून पत्र्याची टिकली लावलेली तयार वातही मिळते. एकूण खर्चात वातीचा वाटा लहान असतो, पण मेणबत्ती चांगली की वाईट हे तीच ठरवते. वात बारीक असेल, तर वितळलेल्या मेणात ती बुडून विझते. जाड असेल, तर ज्योत मोठी होऊन काजळी धरते. मेणबत्तीचा व्यास बदलला, की वातीची जाडी नव्याने ठरवावी लागते आणि त्यासाठी काही मेणबत्त्या जाळून पाहाव्या लागतात. चाचणीसाठी जाळलेल्या मेणबत्त्या हाही खर्चच आहे.

रंग व सुगंध : रंग मेणात विरघळणारा असावा. पाण्यात विरघळणारे रंग मेणात मिसळत नाहीत. सुगंधी तेलही मेणबत्तीसाठी तयार केलेलेच घ्यावे. रंग अगदी थोडा लागतो, परंतु सुगंधी तेल हा वजनाच्या मानाने सर्वांत महाग घटक आहे. म्हणून ते चमच्याने न मोजता वजन करून घालावे.

साचे : ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि सिलिकॉन अशा प्रकारांचे साचे मिळतात. ॲल्युमिनियमचा साचा दीर्घकाळ टिकतो. सिलिकॉनच्या साच्यात नक्षी सुबक उठते, पण वापरून वापरून तो फाटतो. किंमत आणि आयुष्य या दोहोंचा एकत्र विचार केल्याशिवाय कोणता साचा स्वस्त हे सांगता येत नाही.

वेष्टन : काचेचा पेला, झाकण, पुठ्ठ्याची पेटी, चिठ्ठी या वस्तूंकडे आरंभी दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात सुगंधी मेणबत्तीत सर्वाधिक पैसा येथेच जातो, हे आपण पुढे पाहू.

२.३ पुण्यातील खरेदी

पुण्याच्या जुन्या पेठांत निरनिराळ्या व्यवसायांच्या स्वतंत्र आळ्या आहेत आणि त्याचा लाभ लहान उत्पादकाला होतो. रविवार पेठेतील बोहरी आळी ही रंग, रसायने, बरण्या-बाटल्या आणि वेष्टनसाहित्य यांच्या घाऊक व किरकोळ खरेदीसाठी प्रसिद्ध आहे. बुरूड आळीत भेटवस्तूंसाठी बांबूच्या टोपल्या व परड्या मिळतात. मातीच्या पणतीत मेण ओतून विकायचे असल्यास कुंभारवाड्याकडे वळावे. तुळशीबागेत खरेदी करण्यापेक्षा तेथे अशाच वस्तूंचे किरकोळ भाव काय आहेत, हे पाहून यावे; गिऱ्हाईक तुमच्या मालाची तुलना त्याच भावांशी करणार असते.

खरेदीचे तीन नियम ध्यानात ठेवावेत. पहिला, भाव नेहमी करासह विचारावा. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी नसलेल्या उत्पादकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे तो कर त्याच्या दृष्टीने मालाच्या किमतीचाच भाग असतो. दुसरा, जाण्यायेण्याचा व वाहतुकीचा खर्च मालावर पसरावा. एका फेरीला १५० रुपये लागत असतील आणि त्या फेरीत ५ किलो मेण आणले, तर किलोमागे ३० रुपये वाढतात. २५ किलो आणले, तर ६ रुपयेच वाढतात. तिसरा नियम टिकाऊपणाचा आहे. पॅराफिन मेण वर्षभर ठेवले तरी बिघडत नाही, सुगंधी तेलाचा वास मात्र हळूहळू उतरतो. म्हणून मेण एकदम अधिक घेण्यात बचत होऊ शकते. सुगंध मात्र लागेल तेवढाच घ्यावा.

२.४ खर्चाचे प्रकार

जो खर्च विशिष्ट मेणबत्तीवर थेट दाखवता येतो, त्याला प्रत्यक्ष खर्च म्हणतात. मेण, वात, रंग, सुगंध, वेष्टन आणि करणाऱ्याचे श्रम हे प्रत्यक्ष खर्च होत. जो खर्च अनेक मेणबत्त्यांसाठी मिळून होतो आणि त्यांच्यावर वाटून द्यावा लागतो, तो अप्रत्यक्ष खर्च होय. वीज, साच्यांची व भांड्यांची झीज, वजनकाटा, प्रवास, चाचणीतील मेणबत्त्या ही त्याची उदाहरणे आहेत. साधनांची झीज म्हणून दरवेळी जी रक्कम धरली जाते, तिला घसारा म्हणतात.

२.५ एका घाण्याचा हिशेब

स्वयंपाकघरात एका वेळी तळून काढलेल्या पदार्थाला आपण घाणा म्हणतो. त्याच अर्थाने एका वेळी वितळवून साच्यांत ओतलेल्या मेणाला येथे घाणा म्हणू. पुढील भाव केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. हिशेबाची रीत समजल्यावर त्या जागी तुमच्या दुकानातील चालू भाव घालावेत.

समजा, एका गृहिणीने प्रत्येकी १०० ग्रॅमच्या साध्या मेणबत्त्या करण्यासाठी ५ किलोचा घाणा घेतला. मेणाचा भाव किलोला १६० रुपये. तिचा तोंडी हिशेब असा : ५ किलो मेणाचे ८०० रुपये, मेणबत्त्या ५०, म्हणून एक मेणबत्ती १६ रुपयांना पडली. ती २५ रुपयांना विकली, तर ९ रुपये नफा. आता हाच घाणा कागदावर मांडू.

पॅराफिन मेण, ४.५ किलो, १६० रुपये दराने : ७२० रुपये
स्टिअरिक आम्ल, अर्धा किलो, २०० रुपये दराने : १०० रुपये
रंग : २० रुपये
वाती, ४८ नग, १ रुपया दराने : ४८ रुपये
एकूण : ८८८ रुपये

वाती ४८ च का? कारण ५ किलो मेणातून ५० मेणबत्त्या निघत नाहीत. सुमारे २०० ग्रॅम मेण पातेल्याला, ओतण्याच्या भांड्याला आणि साच्याच्या कडांना चिकटून राहते, असे येथे धरले आहे. उरलेल्या ४.८ किलोच्या ४८ मेणबत्त्या होतात. त्यांतील तीन तडकल्या किंवा त्यांची वात बाजूला सरकली असे समजू. त्यांचे मेण पुन्हा वितळवता येते. मेण व स्टिअरिक आम्ल यांच्या मिश्रणाचा भाव किलोला १६४ रुपये पडतो. त्या दराने ३०० ग्रॅमचे सुमारे ४९ रुपये परत धरावेत. वाती, रंग आणि श्रम मात्र वाया गेले. आता विक्रीयोग्य मेणबत्त्या ४५ आणि सामग्रीचा खर्च ८३९ रुपये. यापुढे भागायचे ते ४५ ने. ५० ने किंवा ४८ नेही नाही.

सामग्री : ८३९ रुपये
वेष्टन, नगास २ रुपये : ९० रुपये
वीज, दीड युनिट, १० रुपये दराने : १५ रुपये
घसारा (६,००० रुपयांची साधने १०० घाण्यांसाठी) : ६० रुपये
प्रवासाचा वाटा (एका फेरीत २५ किलो आणल्यास) : ३० रुपये
श्रम, ४ तास, तासाला ७५ रुपये : ३०० रुपये
एकूण : १,३३४ रुपये

१,३३४ भागिले ४५ म्हणजे एक मेणबत्ती २९ रुपये ६४ पैशांना पडली. तोंडी हिशेबात १६ रुपये आले होते. २५ रुपयांना विकल्यास प्रत्येक मेणबत्तीमागे ४ रुपये ६४ पैसे तोटा होतो.

येथे एखादा विद्यार्थी म्हणेल, की घरच्या माणसाच्या श्रमाचे पैसे कशाला धरायचे? ते धरले नाहीत, तर काय होते तेही पाहू. श्रम वगळता खर्च १,०३४ रुपये. ४५ मेणबत्त्यांच्या विक्रीचे १,१२५ रुपये आले. हाती उरले ९१ रुपये. चार तासांच्या कामाचे ९१, म्हणजे तासाला सुमारे २३ रुपये. त्या गृहिणीला ९ रुपये दराने ४५ मेणबत्त्यांवर ४०५ रुपये नफा दिसत होता. तो नफा नव्हताच. तिच्या श्रमाचा मोबदलाही त्यात पुरता भरून निघालेला नाही. श्रमाचा रकाना कोरा ठेवला म्हणून श्रम फुकट होत नाहीत. त्यांची किंमत कोणीतरी मुकाट्याने चुकवत असते आणि घरगुती उद्योगात ती बहुधा घरातील स्त्री चुकवते. पुढे मागणी वाढून मदतीला माणूस ठेवायची वेळ आली, की त्याला मजुरी द्यावीच लागते आणि तोवर लपलेला तोटा एकाएकी उघडा पडतो.

२.६ काचेतील सुगंधी मेणबत्ती

आता दुसरे उदाहरण घेऊ. काचेच्या पेल्यात किती मेण मावेल हे आधी ठरवावे लागते. पेल्यात ज्या उंचीपर्यंत मेण हवे, त्या उंचीपर्यंत पाणी भरून मोजावे. थिजलेले मेण पाण्याहून हलके असते. त्याची घनता सुमारे ०.९ असते. म्हणून १६० मिलिलिटर पाणी मावत असेल, तर सुमारे १४४ ग्रॅम मेण लागेल. मेण थिजताना आकसते आणि वातीभोवती खळगा पडतो. तो भरण्यासाठी दुसऱ्यांदा ओतावे लागते, हे ठाऊक नसल्यास मेण नेहमी कमी पडते.

या १४४ ग्रॅममध्ये १३६ ग्रॅम मेण आणि ८ ग्रॅम सुगंधी तेल आहे असे धरू.

मेण, किलोला २२० रुपये दराने : ३० रुपये
सुगंधी तेल, किलोला १,५०० रुपये दराने : १२ रुपये
टिकलीसह वात : ३ रुपये
काचेचा पेला : ४० रुपये
पुठ्ठ्याची पेटी : १८ रुपये
चिठ्ठी : ४ रुपये
एकूण : १०७ रुपये

या सामग्रीखर्चात मेणाचा वाटा सुमारे २८ टक्के आणि पेला, पेटी व चिठ्ठी यांचा मिळून सुमारे ५८ टक्के आहे. यावरून बचत कोठे शोधावी हे कळते. मेण १० टक्क्यांनी स्वस्त मिळाले, तर एका मेणबत्तीमागे ३ रुपये वाचतात. दहा पेल्यांपैकी एक फुटला, तर उरलेल्या प्रत्येक पेल्याची किंमत ४४ रुपये ४४ पैसे होते, म्हणजे साडेचार रुपयांच्या आसपास नुकसान होते. मेणाच्या भावासाठी चार दुकाने पालथी घालण्यापेक्षा पेले नीट बांधून आणणे अधिक फायद्याचे ठरते. साध्या मेणबत्तीत मेण जपावे आणि काचेच्या मेणबत्तीत पेला जपावा, असे सूत्र सांगता येईल.

२.७ विक्री-किंमत

सुगंधी मेणबत्तीच्या १०७ रुपयांत श्रमाचे २० रुपये आणि इतर अप्रत्यक्ष खर्चाचे ८ रुपये मिळवले, तर एकूण खर्च १३५ रुपये होतो. उत्पादकाला हाती १५० रुपये हवे आहेत आणि दुकानदार छापील किमतीवर ३० टक्के घेतो असे समजा. पुष्कळ जण १५० वर ३० टक्के, म्हणजे ४५ रुपये वाढवून १९५ ही किंमत छापतात. दुकानदार १९५ चे ३० टक्के, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे कापून घेतो. हाती येतात १३६ रुपये ५० पैसे. नफा उरतो दीड रुपया. टक्केवारी कोणत्या रकमेवर धरली आहे, हे न पाहिल्याचा हा परिणाम आहे. येथे १५० ला ०.७ ने भागावे. उत्तर सुमारे २१४ रुपये येते. म्हणून छापील किंमत २१५ रुपये ठेवावी.

प्रदर्शनातील विक्रीचा हिशेब वेगळा असतो. पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी बचत गटांचा माल थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो. अशा एखाद्या प्रदर्शनात गाळ्याचे भाडे ३,००० रुपये आहे असे उदाहरणार्थ धरू. २१५ रुपयांना विकलेल्या मेणबत्तीतून १३५ रुपये खर्च वजा जाता ८० रुपये उरतात. ३,००० भागिले ८० म्हणजे साडेसदतीस. म्हणून ३८ मेणबत्त्या विकल्या गेल्या, तरच भाडे निघते. यालाच ‘ना नफा ना तोटा’ बिंदू म्हणतात. ३० मेणबत्त्यांची विक्री डोळ्यांना भरपूर वाटली, तरी तीत ६०० रुपयांचा तोटा असतो.

वेष्टनात बांधून विकलेल्या मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ परिमाण, महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आवश्यक असते. चिठ्ठीचा खर्च त्यामुळे टाळता येत नाही.

या स्पर्धेची एक पार्श्वभूमीही माहीत असावी. काही वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण भारतात १९६७ मध्ये सुरू झाले. या यादीत अखेरपर्यंत राहिलेल्या २० वस्तूंत मेणबत्ती होती. एप्रिल २०१५ मध्ये त्या वस्तूही यादीतून वगळण्यात आल्या. त्यामुळे आता मोठा यंत्रोद्योगही मेणबत्ती करू शकतो. साध्या पांढऱ्या मेणबत्तीत केवळ किमतीच्या बळावर त्याच्याशी स्पर्धा करणे घरगुती उत्पादकाला अवघड आहे. त्याचे बळ आकार, सुगंध, हातची कारागिरी आणि ओळखीचे गिऱ्हाईक यांत आहे. मात्र हे बळ वापरायचे, तर आपला खरा खर्च किती हे त्याला नेमके ठाऊक हवे.

२.८ खेळते भांडवल : उद्याचे मेण

सामग्री विकत घेण्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत जी रक्कम अडकून राहते, तिला खेळते भांडवल म्हणतात. ही संकल्पना समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक उदाहरण उपयुक्त आहे. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांनी दृष्टी गमावल्यानंतर मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत मेणबत्त्या करण्याचे शिक्षण घेतले. १९९४ च्या सुमारास त्यांनी महाबळेश्वरात भाड्याच्या हातगाडीवर मेणबत्त्या विकण्यास सुरुवात केली. पुढे ‘सनराइज कँडल्स’ या नावाने हा उद्योग वाढला आणि अनेक अंध व्यक्तींना त्यातून रोजगार मिळाला.

त्या आरंभीच्या दिवसांत त्यांनी एक नियम पाळला होता : रोजच्या विक्रीतून २५ रुपये दुसऱ्या दिवसाच्या सामग्रीसाठी बाजूला काढायचे. रक्कम लहान आहे, पण तीमागील तत्त्व मोठ्या कारखान्यालाही लागू पडते. विक्रीतून आलेला पैसा सगळा आपला नसतो. त्यातील एक भाग उद्याच्या मेणाचा असतो. तो घरखर्चात गेला, की पुढच्या घाण्यासाठी उधारी करावी लागते. उधारीचा माल महाग पडतो आणि महाग मालामुळे नफा आणखी घटतो.

घरगुती उद्योगात घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात ठेवला जातो, हे त्याच्या अपयशाचे एक मोठे कारण आहे. वेगळा डबा, वेगळी वही आणि शक्य तर वेगळे बँकखाते ही यावरील साधी उपाययोजना होय. मेणाचा भाव वाढला असेल, तर बाजूला काढण्याची रक्कमही नव्या भावाने धरावी. जुन्या भावाने काढलेल्या पैशांत पूर्वीइतके मेण येत नाही.

२.९ सुरक्षिततेचा खर्च

आतापर्यंतच्या कोणत्याही हिशेबात न मांडलेला एक खर्च अजून शिल्लक आहे. तो आगीपासून संरक्षणाचा होय. पॅराफिन मेण ६० अंशांच्या आसपास वितळते आणि साच्यात ओतण्यासाठी त्याहून थोडे अधिक तापमान पुरते. परंतु पातेले थेट शेगडीवर विसरले गेले, तर तापमान वाढत जाते आणि सुमारे २०० अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून मेणाचे भांडे नेहमी उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून तापवावे. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे त्यात ठेवलेले मेणही धोक्याच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. मात्र पाणी आटत नाही ना, याकडे लक्ष हवे. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते मेण चहूकडे उडते. भांड्यावर झाकण घालावे आणि आच बंद करावी.

तापमापी, घट्ट झाकण, अग्निशामक नळकांडे, बाहेर पडण्याची मोकळी वाट या गोष्टींवरील खर्च पुष्कळांना अनाठायी वाटतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे घडलेली दुर्घटना या संदर्भात विसरता येत नाही. वाढदिवसाच्या केकवर लावल्या जाणाऱ्या, ठिणग्या उडवणाऱ्या शोभेच्या मेणबत्त्या तेथे तयार होत होत्या. त्या कारखान्यात लागलेल्या आगीत अनेक कामगारांना प्राण गमवावे लागले आणि त्यांत महिला मोठ्या संख्येने होत्या. अशा वस्तूला लोक मेणबत्ती म्हणत असले, तरी तिच्यात मेणापेक्षा शोभेच्या दारूचा संबंध येतो. तिच्या निर्मितीला स्फोटक पदार्थविषयक कायद्याखाली परवाना लागतो आणि घरात ती मुळीच करू नये. काही रुपये अधिक सुटतात म्हणून या कामाचे घटक घरी आणून भरून देण्याची मागणी आल्यास ती नाकारावी. ज्या हिशेबात सुरक्षिततेचा रकाना नाही, तो हिशेब अपुराच नव्हे, तर घातक असतो.

३. सारांश

मेणबत्तीचा खर्च म्हणजे मेणाचा भाव नव्हे. घट आणि खराब नग वजा करून जेवढ्या मेणबत्त्या विक्रीयोग्य उरतात, त्यांच्यावर सामग्री, वेष्टन, वीज, घसारा, प्रवास आणि श्रम यांचा एकूण खर्च वाटला, की खरा उत्पादनखर्च मिळतो. साध्या मेणबत्तीत मेण व श्रम, तर काचेच्या मेणबत्तीत वेष्टन हा मोठा खर्च असतो. दुकानदाराचा वाटा छापील किमतीवर मोजला जातो, हे लक्षात घेऊन विक्री-किंमत ठरवावी. विक्रीच्या पैशांतून उद्याच्या सामग्रीची रक्कम आधी बाजूला काढावी. स्वतःचे श्रम आणि सुरक्षितता या दोन बाबींची पावती कोणी देत नाही. म्हणून त्या वहीत आपण स्वतःच लिहिल्या पाहिजेत.

४. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
१) स्टिअरिक आम्ल मेणात कशासाठी मिसळतात?
२) मेणाचे भांडे पाण्याच्या भांड्यात ठेवून का तापवावे?
३) नोंदणी नसलेल्या उत्पादकाने खरेदीचा भाव करासह का धरावा?

आ) उदाहरण सोडवा.
प्रकरण २.५ मधील घाण्यात तीनऐवजी सहा मेणबत्त्या खराब झाल्या असे धरा. त्यांचे मेण त्याच दराने परत मिळते. विक्रीयोग्य एका मेणबत्तीचा खर्च किती येईल? (वेष्टन केवळ विक्रीयोग्य नगांसाठी धरा.)

इ) सविस्तर उत्तर लिहा.
‘घरगुती उद्योगात श्रमाचा रकाना कोरा ठेवणे हे तोटा लपवणे होय.’ या विधानाची उदाहरणासह चर्चा करा.

५. क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील मेणबत्ती, पणती किंवा अगरबत्ती तयार करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला किंवा बचत गटाला भेट द्या. त्यांच्या संमतीने एका घाण्याची सामग्री, घट, लागलेला वेळ आणि विक्री यांची नोंद करा. बाजारातील चालू भाव स्वतः विचारून एका नगाचा खर्च काढा आणि तो त्यांच्या तोंडी हिशेबाशी ताडून पाहा. दोन्हींत फरक आढळल्यास तो कोणत्या रकान्यामुळे पडला, हे त्यांना दाखवून द्या आणि त्यावर त्यांचे म्हणणेही लिहून घ्या.